आधी भिंतीला विचारा

नवं घर बांधणाऱ्याला शेवटच्या तीन महिन्यांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "आता काय, फिनिशिंगच राहिलंय. ते तुम्ही तुमच्या आवडीनं ठरवा." कंत्राटदार हे म्हणतो, फरशीच्या दुकानातला सेल्समन म्हणतो, इंटिरियरवाला म्हणतो आणि दोन वर्षांपूर्वी स्वतःचं घर बांधून मोकळे झालेले मेहुणेही म्हणतात. या म्हणण्यात एक वाटणी गृहीत धरलेली असते. पाया, कॉलम, स्लॅब ही इंजिनिअरची बाब. गिलाव्यावरचा हात, पुट्टी, रंग, फरशी, फॉल्स सीलिंग ही घरच्यांच्या हौसेची. एकदा ती मान्य झाली की पुढचा सगळा कारभार रंगपट्टीच्या आणि कॅटलॉगच्या हाती जातो.

ही वाटणीच खोटी आहे. पैसे कुणी कशावर उडवावेत याच्याशी या लेखाचा वाद नाही. भिंतीवर चढवलेला शेवटचा थर भिंतीच्या आतल्या व्यवहारात भाग घेत नाही, तो नुसता दिसण्यापुरता असतो, हा जो समज बाजारानं रूढ केला आहे, वाद त्याच्याशी आहे.

तो पारखून पाहायला काशीचा बालाजी घाट बरा. पक्क्या महालाच्या गल्ल्यांतून उतरत पंचगंगा घाटाजवळ आलं की नदीकडे तोंड करून उभी असलेली ही इमारत दिसते. अठराव्या शतकातली, पेशव्यांची. काशीत मराठी माणसाला परकं वाटू नये अशी सगळी वस्ती याच पट्ट्यात आहे. शेजारी दुर्गाघाट, ब्रह्माघाट, तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं. प्रवाहाच्या वरच्या अंगाला भोसले घाट, शिंदे घाट. बालाजीच्या मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षं सनईचा रियाज केला, म्हणून संगीतवाल्यांना हे नाव ठाऊक असतं. घर बांधणाऱ्यांना ते वेगळ्या कारणानं ठाऊक असायला हवं.

इथली नदी दर पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या गिळते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर धरतात. 1978 च्या पुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढलं होतं. म्हणजे काठावरच्या भिंतीला पाणी लागणं हा अपघात नव्हे, ते तिचं रोजचं जगणं आहे. काशीच्या घाटांवरचं जुनं बांधकाम चुनारच्या वालुकाश्माचं, पातळ लखौरी विटांचं आणि चुन्याचं. चुनार नदीच्याच काठी, चाळीसेक किलोमीटरवर. दगड नावेतून आणता येत असे. हा दगड पाणी पितो, वीटही पिते, चुनाही पितो. भिंत खालून ओल ओढते आणि ऊन पडलं की अंगभर सोडून देते. या जाण्यायेण्यात पाण्याबरोबर क्षार येतात, पृष्ठभागावर त्यांचे स्फटिक होतात आणि आपण ज्याला लोणा म्हणतो तो पांढरा पिठूळ थर दिसायला लागतो. तो स्फटिक फुगताना जे सगळ्यात मऊ असेल त्याला फोडतो. जुन्या भिंतीत सगळ्यात मऊ काय? चुन्याची सफेदी आणि चुन्याचा गिलावा. सफेदीचे पोपडे पडतात, दसरा-दिवाळीला नवा हात बसतो, दगड शाबूत राहतो.

थोडक्यात, शेवटचा थर मुद्दाम दुबळा ठेवलेला असतो, आणि त्याला मरायचं काम नेमून दिलेलं असतं. ज्याला आपण आज "फिनिश" म्हणून आयुष्यभराची हमी मागतो, त्याच गोष्टीकडून जुना गवंडी दोन-चार वर्षांत संपून जाण्याची अपेक्षा करत होता. त्यानं रसायनशास्त्र वाचलेलं नसेल. कोणता थर स्वस्तात बदलता येतो एवढं त्याला कळत होतं.

आता याच भिंतीवर कुणी "मजबुती"साठी सिमेंटचा गिलावा मारला तर काय होतं, हे जुन्या गावांतल्या अनेक वाड्यांनी अंगावर काढलेलं आहे. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि पाण्याला फार कमी वाट देणारं. खालून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही, मग ती आणखी वर चढते. पूर्वी जी गुडघ्याएवढी होती ती कमरेपर्यंत येते. क्षार गिलाव्याच्या मागे जमतात आणि आता मऊ बाजू दगडाची किंवा विटेची असल्यामुळे तीच पिठासारखी झडायला लागते. वरून सिमेंट ठणठणीत, आत वीट पोकळ. थर दिसण्यापुरता असतो म्हणणाऱ्यांनी या भिंतीवर एकदा बोटानं टकटक करून पाहावी.

इथं दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागतात, म्हणून त्यांचाही हिशेब लगेच केलेला बरा. हल्ली चुन्याचे भक्त बरेच झाले आहेत. उडदाची डाळ, गूळ, बेलफळाचा गर, मेथी घातलेला चुना म्हणजे सर्वरोगहारी लेप, आपले पूर्वज चुकतच नव्हते, सिमेंट हे पाश्चात्त्यांचं पाप, असा त्यांचा सूर असतो. गूळ, डाळ, बेल हे चुन्यात घालत हे खरं, आणि त्याला कारणंही होती. पण पूर्वज चुकत नव्हते म्हणणाऱ्यांनी बालाजी घाटावरून थोडं वर शिंदे घाटाला जाऊन यावं. बायजाबाई शिंदे यांनी 1830 च्या सुमारास बांधवलेला हा घाट इतका अवजड होता की स्वतःच्या वजनानं खचला. दगड तोच, चुना तोच, मराठी खजिनाही तसाच. खालच्या मातीचा अंदाज चुकला.

आणि खुद्द बालाजी घाट? तोही पेशव्यांच्या पुण्याईवर उभा राहिलेला नाही. वापर कमी झाला, दुर्लक्ष झालं, भाग ढासळले. 2012 साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं आणि पुढे इंटॅकबरोबर त्याच्या जतनाचं काम हाती घेतलं गेलं. अडीचशे वर्षं पुराला तोंड दिलेली इमारत माणसांनी पाठ फिरवल्यावर ढासळते, यात गूढ काहीच नाही. चुन्याची भिंत खालून येणाऱ्या पाण्याशी निभावून नेते. छपरातून शिरणारं पाणी आणि फटीत रुजलेला पिंपळ यांच्यावर मात्र शिडी लावून वर चढणारा माणूस लागतो. कसलाही लेप पुरत नाही. चुना भक्तांनाही काम लावतो. ते करायची तयारी नसेल तर भक्ती न केलेली बरी.

मग प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: पुण्याला, नागपूरला किंवा चिपळूणला आज आरसीसीच्या सांगाड्यात ब्लॉकच्या भिंती घालून बांधलेल्या घराचा या दगडी घाटाशी संबंध काय? नवं घर काही नदीत उभं नाही.

उभं आहे. निदान पहिलं वर्षभर तरी ते पाण्यातच उभं असतं, आणि हे पाणी मालकानं स्वतः पैसे देऊन ओतलेलं असतं. हिशेब सोपा आहे. पन्नास किलोच्या सिमेंटच्या पोत्याला कामावर निदान पंचवीस लिटर पाणी लागतं. घट्ट होताना सिमेंट रासायनिकरीत्या बांधून घेतं ते आपल्या वजनाच्या साधारण पाव भाग, म्हणजे बारा-साडेबारा लिटर. उरलेलं पाणी माल कालवता यावा, पसरता यावा म्हणून असतं. हजार चौरस फुटांच्या घराला चारशेच्या आसपास पोती, हा कंत्राटदारांचा ढोबळ हिशेब धरला तर बांधून न घेतलेलं पाणी पाच हजार लिटरच्या घरात जातं. एक लहान टँकर. यातलं काही छिद्रांत कायमचं राहतं, बाकीच्याला बाहेर पडायचं असतं. यात क्युरिंगला नळीनं मारलेलं पाणी धरलेलंच नाही, आणि मध्येच येऊन गेलेला वळवाचा पाऊसही नाही.

हे पाणी बाहेर कुठून जाणार? भिंतीच्या दोन अंगांतून आणि जमिनीच्या वरच्या अंगातून. म्हणजे नेमकं तिथून, जिथं मालक आपल्या आवडीनं काहीतरी चिकटवायला निघालेला असतो.

कामाचं वेळापत्रक पाहिलं की चित्र पुरं होतं. स्लॅब दिवाळीनंतर, भिंती जानेवारीत, गिलावा फेब्रुवारी-मार्चात, आणि गृहप्रवेश अक्षय्य तृतीयेला. मधल्या पाच-सहा आठवड्यांत पुट्टीचे दोन हात, प्रायमर, वर धुता येणारा प्लास्टिक इमल्शन, बाहेरून पाणी अडवणारा जाड टेक्श्चर रंग, खाली व्हिट्रिफाइड फरशी आणि वर पीओपी. टँकरभर पाण्याला सहा बाजूंनी बूच. पूजा होते, जेवणं होतात, फोटो निघतात. जूनमध्ये पाऊस लागतो आणि गणपतीपर्यंत आरासेमागच्या भिंतीवर फुगे आलेले असतात. मग दोष कुणाचा? रंगाच्या कंपनीचा, रंगाऱ्याचा, कधी कधी वास्तुदोषाचा. पाच हजार लिटरचं नाव कुणी घेत नाही.

रंगाचे डबे वाईट असतात असं नाही. सुकलेल्या गिलाव्यावर चांगला इमल्शन वर्षानुवर्षं टिकतो. ओल्या भिंतीवर तोच रंग फुग्यासारखा उभा राहतो, कारण मागून पाण्याचा दाब येतो आणि पापुद्रा सलग असतो. साधी चुन्याची सफेदी त्याच भिंतीवर टिकते. पाण्याची वाफ तिच्यातून जाते आणि सफेदी मुळात अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीलाही तिच्यावर बस्तान बसवायला जड जातं. पहिल्या वर्षी आतल्या भिंतींना फक्त सफेदी आणि दुसऱ्या वर्षी हवा तो रंग, हा रिवाज आपल्याकडे होता. हा रिवाज दारिद्र्यातून आला असं म्हणणाऱ्यांनी पाच हजार लिटरचा हिशेब पुन्हा एकदा वाचावा.

"पण सफेदी हाताला लागते, डाग पडतो, पुसता येत नाही. आता घरात पोरं आहेत." हा युक्तिवाद सगळ्यात वजनदार, कारण तो घर सांभाळणाऱ्या बाईच्या बाजूनं बोलतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. स्वयंपाकघरात ओट्यामागे, न्हाणीघरात, जिन्याच्या कडेला, जिथं हात लागतात आणि फोडणी उडते तिथं धुता येणारा पृष्ठभाग हवाच. मात्र या युक्तिवादाच्या नावाखाली जे विकलं जातं ते पाहावं. फोडणी उडते त्या चार फुटांसाठी घेतलेला निर्णय हॉलच्या, झोपायच्या खोल्यांच्या, देवघराच्या भिंतींवरही चढतो. झोपायच्या खोलीची भिंत वर्षातून कितीदा फडक्यानं पुसली जाते, हे घरात पुसण्याचं काम जो करतो त्याला विचारावं. दुकानात सहसा दुसराच माणूस उभा असतो.

न्हाणीघराबाबत तर आवडीच्या गोष्टीनं सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. छतापर्यंत टाइल लावली म्हणजे पाणी अडलं, असा पक्का समज आहे. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी पिते हे खरं. पण पाणी टाइलमधून जातच नाही, ते सांध्यांतून जातं, आणि सांधा सिमेंटचा असतो. अडवायचं काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगचं, उताराचं आणि नहाणीच्या जाळीभोवतीच्या कोपऱ्यांचं. हे सगळं टाइल बसली की दिसेनासं होतं, म्हणून पैशाची ओढाताण झाली की कात्री तिथंच लागते. इटालियन नावाची टाइल राहते, खालचा कोबा घाईत उरकला जातो. मग खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या छतावर नकाशे उमटतात आणि सोसायटीच्या सभेत सहा महिने तोच विषय.

फरशीवर जरा थांबायला हवं, कारण महाराष्ट्राकडे यात सांगण्यासारखं स्वतःचं बरंच आहे. शहाबादी फरशीवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. कोटा आला, कडप्प्याचा ओटा आला. मुंबईत 1922 साली स्वदेशीच्या जोशात भारत फ्लोअरिंग्जनं सिमेंटच्या रंगीत फरश्या बनवायला घेतल्या. त्या भट्टीत भाजत नाहीत, साच्यात दाबतात आणि पाण्यात मुरवतात. जुन्या मुंबईतल्या जिन्यांवर आणि चाळींच्या खोल्यांत पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या अशा फरश्या अजून दिसतात. गुजरातेतल्या मोरबीच्या भट्ट्यांनी नंतर सगळा देश पांढऱ्या चकचकीत चौकोनांनी भरून टाकला. स्वस्त, पटकन बसणाऱ्या, डाग न धरणाऱ्या. त्यांचं हे यश फुकटचं नाही. पण रत्नागिरीत, जिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथं जुलैत दारातून ओल्या पायांनी आत येणाऱ्या सत्तरीच्या आजीला या चकाकीचं काय करायचं? पॉलिश केलेल्या टाइलवर पाण्याची बारीक साय पसरते आणि पाय निसटतो. कंबरेचं हाड मोडल्यावर घरात जो काही खर्च होतो, तो "प्रति चौरस फूट" भावात कुणी धरत नाही. खडबडीत अंगाची टाइल त्याच दुकानात, शेजारच्याच फळीवर असते. ती फोटोत चमकत नाही एवढाच तिचा गुन्हा.

आवाजाचंही तसंच. दगडी मंडपात सनईचा सूर घुमतो ते कानाला गोड लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत खाली टाइल, वर पीओपी, एका अंगाला काच अशी सगळी कठीण अंगं आली की टीव्ही, मिक्सर आणि पोरांचा अभ्यास एकमेकांवर आदळतात. मग सतरंजी आणि जाड पडदे आणावे लागतात, म्हणजे फिनिशिंगचा दुसरा हप्ता.

जिप्समच्या गिलाव्यावर चुन्याचे भक्त तुटून पडतात, ते मात्र अन्यायाचं आहे. जिप्समला दिवसचे दिवस पाणी मारावं लागत नाही, तो लवकर बसतो, भिंत सपाट येते, पुट्टी वाचते. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या कोरड्या हवेत आतल्या भिंतींना तो चांगला. पाण्याशी त्याचं जमत नाही, म्हणून न्हाणीघरात आणि पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगाला तो नको. कोकणात तर फारच जपून. एकच वस्तू एका जिल्ह्यात शहाणपणाची आणि दुसऱ्या जिल्ह्यात वेडेपणाची ठरते. कॅटलॉगमध्ये जिल्हा छापलेला नसतो.

नाकाला जे कळतं त्याचाही हिशेब आवडीच्या खात्यात बसत नाही. नव्या कपाटाचा, नव्या लॅमिनेटचा तो "नव्या घराचा वास" बराचसा डिंकातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडसारख्या वायूंचा असतो. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 साली माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. आवडीचा प्रश्न असता तर नियम कशाला झाला असता? खिडक्या उघड्या ठेवून घर महिनाभर रिकामं राहू दिलं तर वायूही जातात आणि पाणीही. पण तेवढ्यासाठी मुहूर्त पुढे ढकलायला कुणी तयार नसतं.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि कारागिरांचा. चुन्याची घाणी आता कुणाकडे आहे? कळीचा चुना विझवून मुरवत ठेवायला जागा कुठे, वेळ कुठे? हा आक्षेप मान्य. आरसीसीच्या फ्लॅटमध्ये घाणीचा चुना आणायला कुणी सांगतही नाही. नाक्यावरच्या गवंड्याला तो येत नाही, आणि ज्यांना येतो ते जुन्या वास्तूंच्या कामावर आहेत, तिथंच त्यांची जास्त गरज आहे. बालाजी घाटाकडून चुन्याची पाककृती आणायची नाही. पाणी येणार हे आधी धरायचं, ते कुठून जाईल ते ठरवायचं आणि मग वरचा थर निवडायचा, हा क्रम तिथून आणायचा. त्याला खर्च नाही. उलट पुट्टीचा एक हात, छताचा पीओपी आणि निम्म्या भिंतींचा महागडा रंग पहिल्या वर्षी वाचतो. ते पैसे गच्चीच्या उताराकडे, खिडकीच्या सज्ज्याकडे आणि न्हाणीच्या कोब्याकडे वळवता येतात.

एवढं करूनही कुणाला भिंत सुकली की नाही याची खात्री नसेल तर उपाय जुना आणि फुकटचा आहे. गिलाव्यावर किंवा कोब्यावर हात-दीड हाताचा प्लास्टिकचा चौकोन चारी कडांना चिकटपट्टीनं घट्ट बसवायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला दव जमलं असेल किंवा खालचा सिमेंटचा रंग गडद झाला असेल, तर रंगाऱ्याला परत पाठवून महिन्याभरानं बोलवायचं. त्याचा एक फेरा वाया गेलेला असतो; त्या फेऱ्याचे पैसे त्याला देऊन टाकावेत.